नदीअलीकडचा दर

अमेरिकेत ओहायोच्या आग्नेय कोपऱ्यात एका लहान नदीच्या दोन काठांवर दोन काउंट्या, म्हणजे जिल्हे, आहेत. दत्तक मुलामागे दरमहा किती पैसे द्यायचे, हे प्रत्येक काउंटी आपापलं ठरवते. पलीकडे सगळ्या मुलांना एकच दर, नऊशे डॉलर. अलीकडे दोनशे नव्वद. जास्त हवे असतील तर मुलात काय बिघडलंय ते लिहून द्यायचं.

मार्ली आणि तिचा धाकटा भाऊ डॉल्टन एकाच तळघरातल्या शेजारशेजारच्या खोल्यांत कोंडलेले होते. जिवंत आहोत हे कळवायला दोघं ताटलीवर चमचा वाजवत. एक दिवस कुणीतरी डॉल्टनला पलीकडच्या इस्पितळाच्या दारात सोडलं, म्हणून तो पलीकडच्या काउंटीचा झाला. मार्ली आठ दिवसांनी तळघरातच सापडली, म्हणून अलीकडची. त्या आठही दिवसांत शेजारच्या रिकाम्या खोलीतून चमचा वाजत होता, असं ती सांगे.

आता डॉल्टन रॉक्सी प्यूकडे होता आणि नऊ वर्षांची मार्ली व्हर्ना स्टिकलीकडे.

"मला कुणी एक प्रश्न नाही विचारला," रॉक्सी फोनवर व्हर्नाला म्हणाली. "सही केली, पैसे सुरू. तुझी पोर चुकीच्या काठावर सापडली बघ."

"मग काय, परत नेऊन पलीकडे ठेवू?"

"ठेव की. मी उचलते. जोडीचे अठराशे!"

व्हर्ना हसली, पण तिला घोर वेगळाच होता. वृद्धाश्रमातली तिची तीन ते सातची कामाची पाळी दोनशे नव्वदवर सुटणार नव्हती. मार्ली पावणेचारला शाळेच्या बसमधून उतरे, घरात एकटी असे, आणि बरोबर चारला जमिनीखालून चमचा वाजे. तीनदा. मग थांबून पुन्हा तीनदा.

व्हर्नाच्या घराला तळघरच नव्हतं. सिमेंटच्या ठोकळ्यांवर टेकवलेलं पत्र्याचं घर. तिनं टॉर्च घेऊन खाली वाकून पाहिलं होतं. गवत आणि एक तडकलेली बादली. पोरीच्या मनातलं आहे, असं तिनं धरलं. मग एप्रिलमध्ये, सुट्टीच्या दिवशी, मार्ली अंगणात असताना तिला स्वतःला तो ऐकू आला. मार्ली आत आली आणि तिचा चेहरा पाहून म्हणाली, "तुलाही आला?" तेवढंच. त्या दिवशी पोर पहिल्यांदा पोटभर जेवली.

बुधवारी व्हर्नानं पाळीवरून रजा घेतली होती; साडेतीनला काउंटीची डेनिस क्रॅबट्री दराचा अर्ज घेऊन आली. दुसऱ्या दिवशी कोर्टात दत्तकाचा हुकूम व्हायचा होता. त्याआधी जो आकडा लिहिला जाईल तोच राहणार होता.

"मुलीला इतरांना न येणारे आवाज ऐकू येतात का?" डेनिसनं अर्जातून वाचलं. "इथे हो आलं की नऊशे. पण एक सांगते, व्हर्ना, हे कागदावर कायमचं राहतं. शाळा, डॉक्टर, सगळे वाचतात."

चार वाजले. खालून चमचा वाजला. डेनिसचं पेन थांबलं नाही.

"आला," मार्ली म्हणाली.

डेनिसनं मान वर करून व्हर्नाकडे पाहिलं. "तुम्हाला येतो?"

हो म्हटलं तर रकाना रिकामा, आणि कदाचित उद्याचा हुकूमही गेला. नाही म्हटलं तर सगळं पोरीच्या माथी, जन्मभर. व्हर्नानं तोंड उघडलं.

"तिला नाही येत," मार्ली घाईनं म्हणाली. "मला एकटीलाच येतो. ती उगाच ऐकल्यासारखं करते, मला बरं वाटावं म्हणून."

डेनिसनं खूण केली आणि कागद फिरवला. व्हर्ना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं सही केली.

गाडी वळणाआड गेल्यावर मार्लीनं विचारलं, "आता चारला घरी असशील?"

"असेन."

"रोज?"

"रोज."

खाली चमचा अजून वाजत होता. एरवी तीनावर थांबणारा आवाज आज थांबतच नव्हता, आणि तो स्वयंपाकघराकडून त्यांच्या पायांखाली सरकला होता.

मार्लीनं पाय खुर्चीवर घेतले. "त्याला कळलंय," ती हळू आवाजात म्हणाली, "मी खोटं बोलले ते."