जुना माल गिऱ्हाइकाचा

दुकानदारानं सांगितलेल्या भावाला गुंजवण्याच्या फुलाबाईनं आयुष्यात एकही वस्तू घेतली नव्हती. बांगड्या, बैल, थोरला जावई, सगळं घासाघीस करून. भाव पडत नसला की तिचा एकच डाव असायचा. "ऱ्हाऊ द्या" म्हणायचं, पदर सावरायचा आणि चालू लागायचं. दहा पावलांच्या आत दुकानदार हाक मारायचाच. हाच डाव तिनं शुक्रवारी नसरापूरला गोरखच्या गॅरेजात टाकला, आणि तिथं तिची जीप पोट उघडून पडली होती.

क्लच गेला होता. चढाला इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागची हलायची नाही. एरवी आठवडाभर उभी ठेवली असती. पण उद्या पहाटे पाचला धाकट्या शिवानीला पुण्यात पोलीस भरतीच्या मैदानावर हजर व्हायचं होतं, आणि त्या वेळेला एसटी डेपोतसुद्धा जागी नसते. पोरगी दोन वर्षं धरणाच्या रस्त्यावर धावली होती. जीप आज हवीच होती. हे गोरखला कळता कामा नये, असं फुलाबाईनं नवऱ्याला, कोंडिबाला, बजावलं होतं. त्यानं ते चहा येण्याआधीच सांगून टाकलं.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून गोरखनं आठ हजार चारशे सांगितले. फुलाबाई पाच हजारांवर उभी राहिली. एक प्लेट झिजली तर दोन्ही कशाला बदलायच्या, असं तिनं विचारलं. नव्याशेजारी जुनं टिकत नाही, तो म्हणाला. मी नवी सून जुन्या सासूशेजारी वीस वर्षं टिकले, असं तिनं सुनावलं. गोरख हसला, पण आठ हजारांच्या खाली येईना.

बोलता बोलता तिचे हात चालूच होते. जुना माल गिऱ्हाइकाचा, ही गॅरेजची रीत. काढलेले पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचे, म्हणजे ते खरंच बदलले याची खात्री पटते. पण गॅरेजवाल्याचा काय भरवसा? फुलाबाईनं खताची रिकामी गोणी आणली होती. जीपखाली जे जे काळं, तेलकट, लोखंडाचं दिसलं, ते तिनं स्वतःच गोळा केलं.

"ऱ्हाऊ दे मग," ती म्हणाली, गोणी डोक्यावर घेतली आणि निघाली.

दहा पावलं झाली. हाक नाही. वीस झाली. मागं बघायचं नसतं, नाहीतर डाव फुकट जातो. एसटीचा थांबा आला तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला, की मेथीची जुडी टाकून जाता येतं, स्वतःची जीप टाकून कुठं जाणार? शिवानी घरी बूट पुसत बसली असेल. तरी फुलाबाईची मान वळेना.

एवढ्यात मागून गोरख धावत आला. "मावशी, थांबा! गोणी द्या आधी."

फुलाबाईला आभाळ ठेंगणं झालं. ती गोणी खाली ठेवून तिच्यावरच बसली आणि आधी भाव बोल म्हणाली. तो सात म्हणाला, ती साडेसहा म्हणाली. थांब्यावरच्या चार बायांसमक्ष तो हो म्हणाला. मग त्यानं गोणीत हात घालून वीतभर लोखंडी दांडा बाहेर काढला.

"ह्यो माझा हाय, मावशी. ह्याच्याबिगर नवी प्लेट मधोमध बसत न्हाई. ह्यो गेला आसता तर तुमचीच जीप आज जोडली नसती."

फुलाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. हाक भावासाठी नव्हतीच. वर आपणच आपल्या पोरीची भरती डोक्यावर घेऊन निघालो होतो.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "म्हणून तर हळू चालत हुते."

संध्याकाळपर्यंत ती गॅरेजात मांडीवर हात ठेवून बसली. कशालाही शिवली नाही. जीप सुरू झाली, साडेसहा हजार मोजले, आणि तिला खरोखरच लाज वाटली. तिनं पिशवीतून पाचशेची आणखी एक नोट काढली. "घे. धावलास त्याचं."

"ऱ्हाऊ द्या, मावशी," गोरख म्हणाला. पहिल्यांदा नको म्हणायचं आणि दुसऱ्यांदा घ्यायचं, ही आपल्याकडची रीत. तो हात पुसत दुसऱ्यांदाची वाट बघत राहिला. नोट तोवर पिशवीत परत गेली होती, आणि फुलाबाई जीपमध्ये बसून नवऱ्याला म्हणत होती, "चला आता. पोरगी जेवायची थांबली आसंल."