नाव नसलेली पानं

बाबांनी माझ्याशी भांडणं सोडलं आणि मी हादरले. आमच्या घरात चहात आलं किती घालायचं यावरून दोन-दोन दिवस अबोला चालतो, आणि हे गृहस्थ महिनाभर प्रत्येक गोष्टीला "तू म्हणशील तसं" म्हणत होते. उभं आयुष्य बोटीवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढलेल्या आत्माराम सुर्व्यांच्या तोंडी हे वाक्य शोभतच नव्हतं.

कारण मला ठाऊक होतं, आणि त्याचं नाव घ्यायची आम्हा दोघांचीही हिंमत होत नव्हती. बाबा रोज सकाळी कॉम्प्युटरवर आपल्या बोटीवरच्या आठवणी लिहितात. त्यातलं काहीबाही नाहीसं व्हायला लागलं होतं. काल लिहून ठेवलेली फाइल आज उघडावी, तर ती परवा होती तशीच. पहिल्यांदा असं झालं तेव्हा बाबांनी कॉम्प्युटरला शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा मला. तिसऱ्यांदा शिव्या थांबल्या, आणि त्या दिवसापासून स्कूटर चालवायची त्यांनी बंद केली.

माझ्या आजोबांची स्मरणशक्ती अशीच गेली होती. बाबा सुट्टीवर घरी आले की आजोबा त्यांना पोस्टमन समजायचे आणि "पत्र ठेवा नि जा" म्हणायचे. बाबा परत बोटीवर जायचे. मागे आजोबांचं न्हाणंधुणं, भरवणं, रात्री-अपरात्री रस्त्यावरून हात धरून परत आणणं, सगळं माझ्या आईने केलं. मथुरा सुर्वे कधी हूं की चूं बोलली नाही, पण तिची कंबर कायमची गेली. बाबांनी ते पाहिलं होतं. आई आता नाही, घरात आम्ही दोघंच असतो.

"काल तुझ्या आईचं लिहिलं," बाबा एका सकाळी म्हणाले. "बोटीवरून पहिल्यांदा उतरलो तेव्हा मला न्यायला आली होती ना, ते. झकास जमलं होतं गो."

मी हौसेने वाचायला बसले. फाइलमध्ये आईबद्दल एक अक्षरही नव्हतं. बाबांनी फाइल वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिली. "मनातच लिहिलं असेल," ते म्हणाले आणि उठून गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं.

आता दिव्याखालचा अंधार ऐका. मी पोटासाठी जे काम करते ते हेच. आपण 'सेव्ह' म्हटलं की मजकूर डिस्कवर कुठे ठेवायचा, त्याला नाव कोणतं लावायचं, हे बघणारा एक कारकून कॉम्प्युटरच्या पोटात बसलेला असतो. त्याला म्हणतात फाइल सिस्टिम. तो जगभरातल्या आमच्या टोळीने लिहिलाय, त्यातली मी एक, रत्नागिरीत घरबसल्या. बाबांच्या कॉम्प्युटरवर मीच तो मोठ्या अभिमानाने घालून दिला होता.

त्या आठवड्यात आमच्या टोळीकडे फिनलंडच्या कुणा शिक्षिकेची तक्रार आली. माझी फाइल कधी कधी जुन्या रूपात परत जाते, असं तिचं म्हणणं. आमच्यातल्या एका शहाण्याने उत्तर दिलं होतं, बाई, सेव्ह करायला विसरला असाल. त्यावर तिने चिडून लिहिलं होतं, मी वेंधळी नाही, मी प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करते. बाई भांडखोर दिसते, असं म्हणून मी तिच्यावर खूश झाले. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आवाज आला. बाबा लिहीत होते. एक वाक्य, मग टक-टक. एक वाक्य, मग टक-टक.

ती टक-टक म्हणजे सेव्ह. बोटीवरची सवय. समोरून पोच आल्याशिवाय निरोप गेला असं धरायचं नाही, म्हणून बाबा प्रत्येक वाक्याची पोच घेत पुढे जातात. फिनलंडची बाईही नेमकं हेच करत होती.

मग मी जेवणखाण विसरून आमचा कोड उकरत बसले. चूक सापडली ती इतकी साधी, की लिहिणाऱ्याच्या दोन मुस्कटात द्याव्यात. एसटी डेपोत राजापूरची गाडी लागली की आपण काय करतो? खिडकीतून बघतो, सीट रिकामी, टाकला रुमाल. त्याच क्षणी पलीकडच्या खिडकीतून दुसऱ्याने बघितलं, त्यालाही रिकामी, त्यानेही टाकला. दोघंही खरे, आणि आत चढल्यावर मारामारी. खरं तर एकाने आत चढावं, दार लावून घ्यावं, आणि मगच सीट बघावी. आमचा कोड आधी बघत होता आणि दार नंतर लावत होता.

बाबांच्या मजकुराच्या प्रती काढून ठेवणारा एक प्रोग्रॅम मीच लावून दिला होता. तो आणि बाबा, दोघं एकाच फोल्डरात. दोघांची वेळ जुळली की नाव जुन्याच मजकुराला चिकटून राही, प्रतही त्याचीच निघे, आणि नवा मजकूर बिननावाचा डिस्कच्या पोटात पडून राही. हजारात एखाद्या वेळी व्हायचं असं. पण जो दर वाक्याला सेव्ह करतो त्याच्या हजार वेळा लवकर भरतात. जितका माणूस जपणारा, तितकं त्याचं जास्त हरवत होतं!

बघणं आणि दार लावणं यांच्यामध्ये मी मुद्दाम थोडा उशीर घालून पाहिला. फाइल दर वेळी मागे गेली. मग दोन ओळी उचलून दाराच्या आत नेल्या, आणि चाचणी दिवसभर चालू ठेवली. एकदाही गेली नाही. दुरुस्ती टोळीकडे धाडली आणि बाबांच्या डिस्कची तपासणी लावली. असा बेवारशी मजकूर सापडला की ती तो एका कोपऱ्यात गोळा करते. नाव नसतं, नुसता आकडा.

"बाबा, इकडे या. तुमचं काही विसरलेलं नाही. चूक आमच्या कोडची होती."

"समजूत नको काढूस, बाय," बाबा दारातूनच म्हणाले.

मी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि एका आकड्यावर बोट दाबलं. "मथुरा भलत्याच धक्क्यावर उभी होती आणि हमालाशी हुज्जत घालत होती," पान सुरू झालं. "मी हाक मारली नाही. तिचं भांडण संपेपर्यंत मागे उभा राहून बघत राहिलो."

"हेच," बाबा म्हणाले. "हेच लिहिलं होतं मी. अगो, हेच!" चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, मग एकामागून एक सगळी पानं उघडायला लावली. मी एसटीचा दाखला देऊन सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमचा कंडक्टर काय झोपला होता?" मला इतकं हसू आलं की मी खालीच बसले. छातीवरचा धोंडा कुणी उचलून नेला असं वाटत होतं.

हसत-हसत बाबा मोबाइल घेऊन खळ्यात, घरापुढच्या अंगणात गेले. आवाज आत येत होता. "नमस्कार, आत्माराम सुर्वे बोलतोय, रत्नागिरीहून. ती नदीकडची खोली सांगून ठेवली होती ना मी. हां. नको आता. दुसऱ्या कुणाला द्या."

"कसली खोली?" मी बाहेर येऊन विचारलं.

बाबांनी आधी टाळाटाळ केली. मग सांगितलं. मागे मित्राला भेटायला म्हणून चिपळूणला गेले होते, ते मित्राकडे नव्हे. वृद्धाश्रम बघायला. "तुझ्या आईने माझ्या बाबांचं केलं, तसं तुझ्याकडून करून घ्यायचं नव्हतं मला," ते म्हणाले.

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या यमुनाबाई कुंपणाच्या गडग्यापाशी येऊन ऐकत उभ्या राहिल्या. बाबा माझं संपायची वाट बघत शांत उभे होते. शेवटी माझा आवाजच बसला.

"कधी जाणार होतात?" मी विचारलं.

"सोमवारी," बाबा म्हणाले.

त्या दिवशी शनिवार होता. मी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.