ताज्या हवेचा पाइप

ही अट ओरेस्टनं स्वतःच घातली होती. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या आजाराचं नाव सांगितलं, माणूस हळूहळू सगळं विसरत जातो म्हणाल्या. परत येताना यॉर्कटन शहराच्या अलीकडे त्यानं ट्रक कडेला घेतला आणि मला म्हणाला, "स्टेफा, मी तुझं नाव विसरलो तर चालेल. चष्मा फ्रिजमध्ये ठेवला तरी चालेल. पण गॅसच्या बाबतीत माझ्या हातून चूक झाली, तर त्याच दिवशी मला वृद्धाश्रमात नेऊन ठेव. दया दाखवू नकोस. त्यात चुकलेला माणूस सकाळी उठत नाही."

"माझं नाव विसरून तर बघ, मग सांगते काय चालतं ते," मी म्हणाले. रडू दाबायचं असलं की मला भांडणच सुचतं. मागच्या सीटवर आमची लेक लारिसा बसली होती. तिनं मात्र ती अट गाठीशी बांधून ठेवली.

गावातल्या निम्म्या तळघरांतल्या, घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्ट्या ओरेस्टनं बसवलेल्या. इथल्या थंडीत भट्टी बंद पडली तर पाणी गोठून रात्रीत नळ फुटतात, त्यामुळे पाद्र्याच्या खालोखाल मान त्याला. कुणाच्या लग्नाला गेलो तरी यजमान आधी त्याला तळघरात नेणार, "जरा आवाज ऐकता का हो?" म्हणणार, आणि मी नवी कोरी साडेतीन इंच टाचांची चप्पल घालून वर ताटकळत उभी.

ऑक्टोबरात, इकडच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, आमच्या भट्टीची सफाई व्हायची. आजार कळल्यानंतरच्या त्या सुट्टीला लारिसा रेजायनाहून मुद्दाम आली आणि हाताची घडी घालून तळघराच्या जिन्यावर उभी राहिली, परीक्षा घ्यायला आल्यासारखी. सकाळीच त्यानं पायमोजे हातात घातले होते.

पण भट्टीपुढे गुडघे टेकले आणि माझा जुना ओरेस्ट परत आला. आधी विजेचं बटण बंद. मग गॅसची तोटी आडवी. हात लावून सगळं गार झाल्याची खात्री केली, पत्रा काढला, बर्नरखालची धूळ व्हॅक्यूमनं ओढली. ज्योत ओळखणारी ती बारीक कांडी तारेच्या घाशीनं अलगद पुसली. कुठं गंज, कुठं काजळी, बॅटरी मारून बघितलं. नवा फिल्टर घालताना त्यावरचा बाण दोनदा तपासला. पत्रा बसवला, गॅस सोडला, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहत राहिला. नाही आले. मग भट्टी पेटली.

"बघ," तो लारिसाला म्हणाला, "निळी आहे ना? पिवळी दिसली की बंद करायची, बाहेर पडायचं आणि फोन लावायचा. पिवळ्या ज्योतीशी वाद घालत बसायचं नाही."

जेवताना त्यानं तिला विचारलं, "तू कुणाची ग?" पण मी बटाटा भरलेल्या पिरोहीवर परतलेला कांदा वाढत हसतच होते. ज्योत निळी होती. आणखी एक हिवाळा आमचा होता.

आता त्या पाइपाचं सांगते. भट्टीला जळायला हवा लागते, म्हणून बाहेरून एक जाड पाइप तळघरात येतो आणि खाली बादलीत तोंड घालून बसतो. जानेवारीतली सगळी थंडी त्यातून आत येते, आणि आमचं कपडे धुण्याचं मशीन नेमकं त्याच्या शेजारी. संसारभर माझी पावलं तिथं बर्फ झाली आणि संसारभर मी त्यावरून तोंडाचा पट्टा चालवला. "तो पाइप बंद कर, नाहीतर मी माहेरी जाते!" माहेर दोन गल्ल्या पलीकडे होतं.

ओरेस्ट बधायचा नाही. गावातल्या बायका त्या पाइपात उशा कोंबायच्या, चिंध्या कोंबायच्या, एकीनं तर नवऱ्याच्या लोकरी चड्ड्या कोंबल्या होत्या. हा सगळं उपसून काढायचा आणि त्यांच्यावर असा बरसायचा की कॉफीसुद्धा कुणी विचारायचं नाही. "भट्टी श्वास घेते त्यातून," म्हणायचा. "तिचं नाक दाबाल तर ती तुमचं दाबेल." माझ्यासाठी मात्र दरवर्षी जाडजूड, लोकरी नमद्याचे बूट आणायचा. कुरूप होते मेले, पण ऊबदार.

फेब्रुवारीत थंडीनं कहर केला. तोवर ओरेस्टचं बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं होतं. माझं नाव आमच्या जानेवारीतल्या नाताळनंतर त्याच्या तोंडून आलंच नव्हतं. तरी त्या आठवड्यात त्यानं मला दोनदा विचारलं, "पाय गार?"

"नाही रे. यंदा बरं आहे," मी म्हणाले. खरंच बरं होतं. तो इतका खूश झाला की गालावर खळी पडली. बिचाऱ्याला कसलं हसू येतंय देव जाणे, असं मनात म्हणून मी कपडे धुवायला खाली गेले. तळघराच्या खिडकीवरून पाणी ओघळत होतं आणि माझं डोकं ठणकत होतं. भट्टीवाल्याची बायको मी, ओली काच म्हणजे घरात हवा कोंडलीय, हे मला कळायला हवं होतं.

रविवारी दुपारी वर कांदा परतत होते, चुलीवरचा पंखा सुरू, खाली कपडे वाळवायचं मशीन सुरू, दोन्ही घरातली हवा बाहेर ओढणारी, आणि विषारी वायूचा अलार्म किंचाळायला लागला. चूल बंद केली, गोधडी ओरेस्टच्या खांद्यावर टाकली आणि त्याला ओढत बाहेर रस्त्यावरच्या ट्रकमध्ये नेऊन बसवलं. तिथूनच गॅसवाल्यांना फोन केला.

ब्रेंडा आली. तिनं हे काम ओरेस्टच्याच हाताखाली शिकलेलं. यंत्र घेऊन आत गेली, भट्टी बंद केली, खिडक्या उघडल्या, हवा निवळल्यावर पुन्हा मोजलं आणि मगच आम्हाला आत घेतलं. तळघरात तिनं पाइपाकडे बोट दाखवलं.

बादलीत दडलेल्या पाइपाच्या तोंडात ओरेस्टचा तपकिरी स्वेटर होता, मी विणलेला. नीट घडी करून आत बसवलेला आणि वरून चंदेरी चिकटपट्टी, कडा अशा सरळ कापलेल्या की पट्टी धरून कापल्यासारख्या. तशी पट्टी गावात एकच माणूस लावतो. ब्रेंडाला कळलं. मलाही कळलं, आणि "पाय गार?" कशासाठी होतं तेही कळलं. सारं आयुष्य ज्याला नाही म्हणाला, ते त्यानं डोकं पार रिकामं झाल्यावर माझ्यासाठी केलं.

ओरेस्ट मात्र त्या स्वेटरकडे परक्यासारखा बघत होता. मग त्याचा चेहरा लाल झाला.

"कुणी केलं हे?"

ब्रेंडा जमिनीकडे बघायला लागली.

"मी," मी म्हणाले.

"स्टेफा!" तो ओरडला. "अक्कल गहाण टाकलीस का? अख्ख्या गावाला मी शिकवून ठेवलं आणि माझ्याच घरात? झोपेत मेलो असतो दोघं! कुणाला कळलंही नसतं! थंडी वाजते म्हणून जीव द्यायचा? बूट आणून देतो ना मी?"

किती महिन्यांनी तो इतकी वाक्यं सलग बोलत होता. माझं नाव घेऊन बोलत होता. मी मान खाली घालून ऐकत राहिले. त्यानं थांबू नये असं वाटत होतं.

"ऐका त्यांचं," ब्रेंडा हळूच म्हणाली. स्वेटर काढून तिनं माझ्या हातात दिला, सगळं तपासून भट्टी पुन्हा पेटवली. दारात तिनं मला घट्ट मिठी मारली आणि काही न विचारता गेली.

संध्याकाळी लारिसाचा फोन आला. अलार्मचं सांगितलं तशी ती किंचाळलीच. "पाइप बंद? कुणी केला?"

एकदा खोटं बोलून झालंच होतं. पुन्हा बोलले असते तर तिला शंभर टक्के पटलं असतं, माझी कटकट ऐकतच ती मोठी झाली होती. ओरेस्ट घरात राहिला असता. माझ्या शेजारी झोपला असता. आणि एखाद्या सकाळी आम्ही दोघंही उठलो नसतो. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नसतं, खरं सांगते. पण तो ट्रक कडेला घेऊन बोलला होता तेव्हा शुद्धीत होता, आणि त्या शुद्धीतल्या माणसाला मी फसवू शकत नव्हते.

"तुझ्या बाबांनी," मी म्हणाले.

तिकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "उद्या येते, आई. बॅग मी भरीन. तू भरू नकोस."

फोन ठेवून मी बाहेरच्या खोलीत आले. ओरेस्ट खुर्चीत बसला होता, अजून घुश्शातच.

"पुन्हा करणार नाहीस ना असं?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

माझे डोळे पाहून तो विरघळला. हात धरून त्यानं मला जवळ बसवलं. "रडू नको. चुकतं माणूस. मी आहे ना घरात, लक्ष ठेवीन."

"हो," मी म्हणाले, आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.