शोभाताईंच्या लुगड्याचा फडका

मित्रांनो, नागपूरला वर्धा रोडवरच्या एका लॉनमध्ये तुम्ही लग्नाला आला असाल, तर कारंज्याशेजारी माझ्या बॉनेटला टेकून फोटोही काढला असेल. मी एक जुनी अमेरिकन मोटारगाडी आहे. अंगावर लाल रंग आहे, पुढे चकचकीत बंपर आहे आणि पोटात काहीच नाही. ते असं का, हे कोणी विचारत नाही. म्हणून मीच सांगते.

माझा जन्म १९५६ सालचा, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातला. बोटीने मुंबईला आले आणि पुढे नागपूरला एका खाणमालकाकडे राहिले. त्याचं मन भरल्यावर इतवारीतले कापडाचे व्यापारी वामनराव यांनी मला घेतलं. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं आणि शोभाताई नवरी होऊन माझ्यातूनच घरी आल्या.

नागपूरच्या मे महिन्याशी मात्र माझं कधी पटलं नाही. भर उन्हात हळूहळू चालवलं, की इंजिनाला पेट्रोल पोचवणारा माझा छोटा पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि मी जागीच बंद पडते. जरीपटक्याचे चंद्रभान मिस्त्री यांनी त्यावर साधा उपाय सांगितला. पंपावर ओला फडका टाकायचा आणि पाव तास दम धरायचा. शोभाताईंनी आपलं जुनं सुती लुगडं फाडून फडका केला. तो फडका आणि पाण्याची बाटली पन्नास वर्षं माझ्या समोरच्या कप्प्यात राहिली. दसऱ्याला लोक गाडीच्या बॉनेटला कुंकू लावतात. वामनराव बॉनेट उघडून इंजिनाला लावत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

तीन वर्षांपूर्वी शोभाताई गेल्या. वामनरावांचे गुडघेही थकले. मी शेडमध्ये पडून राहिले आणि उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या. मग नात हिमानीचं लग्न ठरलं. वामनरावांनी एकच इच्छा सांगितली, की हिची पाठवणी आजीच्या गाडीतून व्हावी. त्यांचा मुलगा, म्हणजे हिमानीचा बाप सौरव, हो म्हणाला. मलाही वाटलं, आपले दिवस पालटले.

चंद्रभान मिस्त्री मला पाहायला आले. म्हणाले, "सौरवबाबू, रंग मागून बी होते. आधी हिचा पंप अन् पेट्रोलची लाइन पाहू द्या मले."

"काका, लग्नाले पंधरा दिवस राहिले," सौरव हसून म्हणाला. "अन् फोटोत इंजिन कुठं दिसते?"

झालं. मिस्त्रींनी मला कशीबशी चालती केली, तेवढ्यावर त्यांना निरोप मिळाला. मग रंग आला, नव्या गाद्या आल्या, बंपर चमकला. कप्पा साफ करताना लुगड्याचा फडका कचऱ्यात गेला. वरून रंगरंगोटी, आतून बोंबाबोंब! पण माझं ऐकतं कोण?

लग्नाच्या दिवशी पारा पंचेचाळीसवर होता. माझ्या चारी चाकांखाली चार लिंबं ठेवली, नारळ फोडला. बॉनेट मात्र कोणी उघडलं नाही. पुढे बँड, त्यापुढे नाचणारे, आणि मी मुंगीच्या पावलाने मागे. चौकापर्यंत पोचले आणि बंद पडले.

वामनराव धापा टाकत आले. कप्पा उघडला, तर रिकामा. त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढून वरातीतल्या एकाच्या बाटलीतल्या पाण्याने भिजवला.

"बाबा, काय करून राहिले तुम्ही?" सौरव ओरडला. "सगळे व्हिडिओ काढून राहिले. तो ओला दुपट्टा काहून टाकता?"

"गरमीनं थांबली ते गा. पाव घंटा दे मले."

"बाबा, आबाजी म्हणतात तर थांबू ना," हिमानी आतून सौरवला म्हणाली.

पण नवरदेवाची आत्या बोलून गेली, "नवरीची गाडी वाटेतच थांबली वं! अपशकुन झाला." मग कोण थांबतं? हिमानीला दुसऱ्या गाडीत बसवलं आणि वरात पुढे गेली. वामनरावांनी दुपट्टा पंपावर टाकला. पाव तासाने मी एका झटक्यात सुरू झाले. तेव्हा चौकात आम्ही दोघंच होतो.

सौरवने मला पनौती ठरवलं आणि महिनाभरात लॉनवाल्याला विकलं. उभीच राहायची गाडी, तिला इंजिन कशाला? ते काढून भंगारात गेलं. पन्नास दसऱ्यांचं कुंकू त्याच्याबरोबर गेलं. सौरवला आणि लॉनवाल्याला मी अजून माफ केलेलं नाही.

यंदाच्या मे महिन्यात वामनराव कोणाच्या तरी लग्नाला इथे आले. काठी टेकत माझ्यापाशी आले, दुपट्टा भिजवला आणि चौकीदाराला म्हणाले, "बॉनेट उघडून दे गा. उन्हात उभी आहे, तापली असंल."

चौकीदाराने उघडलं. आत रोषणाईच्या वायरींचं भेंडोळं होतं. वामनराव बघत राहिले. दुपट्ट्याचं पाणी त्यांच्या चपलांवर टपटपत होतं. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "आजोबा, जरा बाजूले व्हा ना. फोटो काढायचा आहे." ते बाजूला झाले.

मित्रांनो, तुम्हीही या, खुशाल फोटो काढा. मला आता त्याचं काही वाटत नाही. फक्त एखादा म्हातारा माणूस ओला दुपट्टा घेऊन माझ्याजवळ उभा असेल, तर त्याला बाजूला व्हायला सांगू नका.