खरकट्या पाण्यावरचं पाखरू

"एक पाखरू बघायला सहा दुर्बिणी लागतात का रे? डोळे घरी विसरून आलीत वाटतं ही माणसं," सातुर्निना बटाटे सोलता सोलता म्हणाली.

"आई, हळू बोल."

"त्यांना कुठं आपली केचुआ बोली कळतेय!"

घाटमाथ्यावरचं गवत पहाटेच्या गारठ्याने काचेसारखं कडक झालं होतं. सहा पाहुणे एका ससाण्यापुढे तोंड वासून उभे होते. ससाणा उडायच्या आत वह्यांत खुणा झाल्या आणि मंडळी गाडीत चढलीसुद्धा. सातुर्निनाचा मुलगा एफ्राइन त्यांचा वाटाड्या आणि ती स्वयंपाकीण. सकाळी उघडा माळ, दुपारी ढगांतलं रान, संध्याकाळी खालचं उकाड्याचं जंगल. मागे कुत्रं लागल्यासारखं सगळं एका दिवसात उरकायचं. लग्नाला जावं आणि वऱ्हाडी मोजून परत यावं, तसली तऱ्हा. बावीस वर्षं ती हे बघत होती. दर वर्षी पाहुण्यांबद्दलचं तिचं मत एकेक पायरी खाली उतरत होतं.

दुपारी पुलापाशी गाडी थांबली. इथे तोरोरोई हा दुर्मीळ पक्षी दिसायला हवा होता. एफ्राइन तासभर फोनवर त्याची हाक वाजवत बसला. रान गप्प. पाहुण्यांचा म्होरक्या योरिस सारखा घड्याळ बघू लागला. आधीच्या दोन तुकड्या तोरोरोईविना परत गेल्या होत्या, आणि या खेपेलाही तो दिसला नाही तर ही वाट दुसऱ्याला देईन, असं सहलींच्या मालकाने एफ्राइनला बजावलं होतं.

"त्या डबड्याला ते भुलेल होय? रोज येणारी प्रत्येक गाडी तीच हाक मारते," सातुर्निना म्हणाली. "मी तुला दहादा हाक मारली आणि दाराशी कुणीच नसलं, तर अकराव्यांदा येशील का तू?"

"एवढं कळतंय, तर तूच आण की!" एफ्राइन खेकसला.

ती आणू शकत होती. पुलाखाली ओढ्याच्या वळणावर ती भांडी घासायची, तेव्हा तिच्या टाचांखालचा चिखल उकरला जाई, गांडुळं वर येत आणि मागोमाग तोरोरोई येई. शेपूट नाही, लांब पाय, काठ्यांवर ठेवलेलं अंडंच जणू. हे तिने पोटच्या पोरालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं की उद्या तिथे बाक येणार, परवा पाटी, आणि तेरवा पाखरू जाणार.

तिने पोराकडे पाहिलं. त्याचे ओठ कोरडे पडले होते.

"आण त्या शहाण्यांना खाली," ती म्हणाली. "आणि ते डबडं बंद कर."

चपला काढून ती चिखलात उतरली आणि पातेल्याला वाळू लावू लागली. अर्ध्या पातेल्यालाच तोरोरोई झुडपातून टुणकन बाहेर आला. काठावर सहा दुर्बिणी वर झाल्या. मग योरिस काहीतरी पुटपुटला.

एफ्राइनने मान खाली घातली. "आई, ते म्हणतात, जरा बाजूला हो. फोटोत येतेस."

पोरासाठी ती दोन पावलं सरकली. पाखरूही दोन पावलं सरकलं. योरिसने पुन्हा हात हलवला. ती पुन्हा सरकली. पाखरू पुन्हा तिच्या टाचेशी.

सातुर्निना थांबली.

"त्याला म्हणावं, आता पाखरालाच सांग."

एफ्राइनने ते कुणाला सांगितलं नाही. कॅमेरे खटखटू लागले. प्रत्येक चित्रात तोरोरोईच्या चोचीला लागून तिची भेगाळलेली, चिखलाने माखलेली टाच.

काठावर एफ्राइन फोनमध्ये जागेची खूण करत होता. तिने ते पाहिलं. पातेलं विसळलं, पालथं घातलं आणि पाखराचं पोट भरेपर्यंत टाच चिखलात रुतवून उभी राहिली.