चढावर सुटणारा गिअर

माझ्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सोमवारी डोंगराच्या पायथ्याशी मेला आणि बुधवारी ऑफिसातल्या गाड्या आणि फेऱ्या ठरवणाऱ्या साहेबांनी मला माझी नवी खुर्ची दाखवली. फायलींच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून. "सिस्टर, तीस वर्षं डोंगर चढलात. आता जरा बसा," म्हणाले. मी नर्स आहे. वरच्या घरांमध्ये अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत. ती खाली येऊ शकत नाहीत म्हणून मी वर जाते. बसायचंच असतं तर हे काम कशाला धरलं असतं?

"येत्या सोमवारी सकाळी दहाला गाडी इथे उभी असेल," मी म्हणाले.

"कशी असेल? तुमच्या गाडीचा तसला बॉक्स आता मिळत नाही. मी चौकशी केली आहे."

"मग हाताच्या गिअरचा बसवू."

साहेबांनी माझ्या डाव्या गुडघ्याकडे पाहिलं. त्या गुडघ्याला मी पट्टा बांधते हे सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. "या वयात क्लच? बरं. मी स्वतः शेजारी बसेन. गाडी चढ चढली तर फेरी तुमची, नाही तर खुर्ची तुमची."

चालेल म्हणून मी बाहेर पडले. गिअरबॉक्स म्हणजे नेमकं काय असतं हे मला तेव्हा धड माहीतही नव्हतं, पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही.

माझी मुलगी गॅरेजात काम करते. तिच्या नाकावर माशी बसत नाही. कुणाकडून घेतलं ते सांगायला नको. तिचे उस्ताद गाडीखालून बाहेर आले आणि म्हणाले, "भंगारात घाला, सिस्टर. बॉक्स बसेल हो, पण मधली जोडणी कोण निस्तरणार?"

"मी निस्तरणार," मुलगी म्हणाली, आणि तिने मला समजावून सांगितलं. बॉक्स पुढे, इंजिनाला चिकटलेला. गिअरची दांडी इथे, माझ्या हाताशी. हाताची हालचाल तिथपर्यंत पोचवायची. ऑटोमॅटिकला एक तार पुरते, कारण नुसतं पुढे-मागे असतं. हाताच्या गिअरला डावं-उजवंही लागतं, आणि त्यात बोटभर फरक पडला तरी पहिला मागितला की तिसरा पडतो.

बॉक्स मिळाला तो दुसऱ्याच गाडीचा. त्याचे जोडणीचे दांडे आखूड. पोरीने ते कापले, मधे तुकडा घालून वेल्ड केले. शनिवारी दुपारी जोडणी घट्ट करायची वेळ आली. मी सीटवर बसून दांडी बरोबर मध्यावर धरायची आणि तिने खालून नट आवळायचा.

"आई, हलवू नकोस!"

"मी कुठे हलवतेय?"

"मग काय भूत हलवतंय? पाय काढ तिथून."

चौथ्या खेपेला जमलं. पाचही गिअर आणि रिव्हर्स असे पडायला लागले की उस्तादांनी दोनदा स्वतः घालून पाहिले आणि ते चहा प्यायला गेले. पोरीने दांडीचं बूड गाडीच्या पत्र्याला चार बोल्टांनी आवळून टाकलं होतं. तिला ढिलं काही खपत नाही. मला फार अभिमान वाटला तिचा.

रविवारी सकाळी चढावर नेली. दुसऱ्या गिअरवर जोर दिला आणि खट्! दांडी आपोआप मधे आली, इंजिन नुसतं ओरडत राहिलं, गाडी मागे घसरली. मी ब्रेकवर उभी राहिले. पुन्हा घातला, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदाही तेच. सपाट रस्त्यावर मात्र गुणी बाळासारखी चालायची.

"मी म्हटलं नव्हतं?" गॅरेजात परतल्यावर उस्ताद म्हणाले. "बॉक्सच झिजलेला असेल. एका हाताने दांडी दाबून धरा नि चालवा."

"आणि वळणावर स्टिअरिंग काय दातांनी धरू?"

ते गेले. पोरगी बंपरवर बसली. हाताला ग्रीस, डोळे लाल. मग म्हणाली, "आई, घे ती खुर्ची. गुडघ्यालाही आराम पडेल."

साहेबांचं बोलणं मला लागलं नव्हतं. हे लागलं. गुडघा ठणकत होता, रात्री क्लचच्या सरावाने झोप आली नव्हती, आणि हे ती पाहत होती. तरी मी ओरडले. "माझ्या गुडघ्याचं मी बघते! तू तुझ्या गाडीचं बघ. ऊठ, स्टिअरिंगवर बस. घोडं कुठे पेंड खातंय ते मला पाहू दे."

बॉनेट उघडं ठेवलं, हँडब्रेक ओढला. तिने दुसरा गिअर घालून क्लच हळूच सोडला. इंजिनाने जोर केला आणि अख्खं धूड दोन बोटं मागे कललं. क्लच दाबला, परत जागेवर आलं.

"इंजिन हलतंय," मी म्हणाले.

"हलणारच. रबरावर बसवलेलं असतं."

"आणि बॉक्स त्याच्याबरोबर?"

"हो."

"आणि तुझी दांडी?"

"ती पत्र्याला. पक्की. ती नाही हलत."

मी बॉनेटवर हात आपटला. "अगं, मोडलेल्या पायाला फळी लावायची तर पायाला बांधतात की खाटेला? पाय हलला की सगळं सुटणारच ना!"

ती गाडीतून उतरली. मग धावत गॅरेजच्या कोपऱ्यात गेली आणि जुन्या सामानाच्या पेटीतून एक दांडा घेऊन आली. बॉक्सबरोबरच आलेला. दांडीचं बूड आणि बॉक्स यांना एकमेकांशी जखडणारा, म्हणजे इंजिन कललं की दांडीही त्याच्याबरोबर कलते.

"सायलेन्सरच्या आड येत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, नुसता आधार आहे. मी पत्र्याला त्याहून घट्ट केलं होतं."

घट्ट केलं की झालं, हेही माझ्याकडूनच घेतलंय तिने. संध्याकाळपर्यंत तिने तो दांडा लांब करून सायलेन्सरला वळसा घालून वाकवला, पत्र्याचे बोल्ट काढून तिथे रबर घातलं आणि जोडणी पुन्हा मध्यावर लावली. या वेळी मी पाय सीटवर घेऊन बसले.

सोमवारी दहाला साहेब शेजारी बसले. चढ लागला. मी दुसरा घातला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. साहेबांचं रस्त्याकडे लक्ष नव्हतं, दांडीकडे होतं. ती इंजिनाबरोबर जराशी मागे कलली आणि तिथेच राहिली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. क्लच दाबताना गुडघ्यातून कळ येत होती. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही.

"ठीक आहे, सिस्टर," ते म्हणाले. "पाहिलं. वळवा गाडी."

मी तिसरा घातला.

"सिस्टर, मला अकराला मीटिंग आहे."

"वरच्या आजोबांच्या पाठीची जखम आठ दिवस कोणी पाहिलेली नाही. तुमच्या खोलीतल्या फायलींत त्यांचं नाव असेल."

वर पोचलो. घरापाशी गाडी लावली. आजोबांची सून दारातच उभी होती. मला पाहून रडायलाच लागली. मी साहेबांना हात धुवायला लावले आणि आजोबांना कुशीवर वळवून धरायला सांगितलं. त्यांनी धरलं. मी जुनं ड्रेसिंग काढलं तशी त्यांनी मान फिरवली.

"इकडे बघा, साहेब," मी म्हणाले. "घट्ट धरा. अजून सोळा घरं आहेत."