मॅडसेनच्या नडगीला नमस्कार

निवृत्ती पाटोळेची बायको मुक्ताबाई एकोणीसशे एकोणऐंशीच्या हिवाळ्यात आखातातल्या दोह्याला आली आणि अल सद्दमधल्या एका डॅनिश इंजिनिअरच्या फ्लॅटमध्ये राजरोस राहिली.

तर असं काही घडलेलं नाही. कंपनीच्या दप्तरी त्याची नोंद नाही, गावात कुणाच्या कानावर नाही. तेव्हा आपणही ते विसरून जाऊ आणि न घडलेली गोष्ट पहिल्यापासून सांगू.

कंपनी डेन्मार्कची. दोह्याबाहेर पिठाची गिरणी उभारत होती. निवृत्ती तिथे फिटर होता आणि लेबर कॅम्पात राहायचा. कॅम्पात बायको आणायला बंदी होती, आणि कॅम्प बघितल्यावर हा नियम बायकांच्या बाजूचा आहे हे कुणालाही पटलं असतं. लग्नाला चार वर्षं झाली होती. त्यातला नवराबायकोचा एकत्र संसार एका रजेत मावला होता.

अशात यॅन्सन नावाचा इंजिनिअर, इथे पुरेशी थंडी पडत नाही, अशी तक्रार करून मायदेशी निघून गेला. त्याचा अल सद्दमधला फ्लॅट रिकामा पडला. आणि कंपनीच्या वार्षिक समारंभात डॅनिश लोकनृत्य व्हायचं होतं, त्यातली त्याची जागाही रिकामी पडली.

नृत्य चार जोड्यांचं, चौकोनात उभं राहून करायचं. मॅनेजरसाहेबांच्या पत्नी इंगर मॅडम ते बसवत होत्या. डॅनिश माणूस नाचताना इतका गंभीर असतो, की लांबून बघणाऱ्याला जमिनीची वाटणी चालल्यासारखं वाटतं. यावर तोडगा म्हणून मॅडमनी तिसऱ्या फेरीत चार्ल्सटन घालायचं ठरवलं होतं. चार्ल्सटन म्हणजे गुडघे आपटायचे, पाय पुढे झाडायचा, मागे झाडायचा, हात वाऱ्यावर सोडायचे.

याला विरोध एकट्या मॅडसेनचा. तो निवास विभागाचा प्रमुख. साऱ्या फ्लॅटांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला लटकायच्या. त्याचे आजोबा हाच नाच लाकडी बूट घालून नाचत. त्यात अमेरिकन लाथा घालणं म्हणजे त्याच्या मते बाटवाबाटवी होती. तरी नाचात तो होता, कारण नाच बिघडताना त्याला तो जवळून बघायचा होता.

निवृत्ती थेट मॅडमपुढे जाऊन उभा राहिला.

"मॅडम, मी नाचतो."

"डॅनिश नाच येतो?"

"लेझीम येते."

लेझीम म्हणजे काय हे मॅडमना माहीत नव्हतं. पण दुसरा पुरुषही मिळत नव्हता, त्यामुळे लेझीम पुरेशी ठरली.

"बदल्यात मला यॅन्सन साहेबांचा फ्लॅट पाहिजे. नवीन माणूस येईपर्यंत," निवृत्ती म्हणाला. "बायकोला आणायचंय."

मॅडमनी मॅडसेनकडे पाहिलं. मॅडसेनने किल्ल्या वाजवल्या.

"समारंभात नाच शेवटपर्यंत मोडला नाही, तर किल्ली याची," तो म्हणाला. मोडणार याची त्याला खात्री होती. मोडणार नाही याची निवृत्तीला होती. एकाच चौकोनात दोन खात्र्या समोरासमोर उभ्या राहिल्या.

तालमीत निवृत्ती मॅडमचा जोडीदार झाला आणि तालात चोख निघाला. घोटाळा तिसऱ्या फेरीत झाला. चार्ल्सटनमध्ये पाय झाडला, तो मॅडमच्या पायाला लागला. आता पाय लागला की वाकायचं, त्या माणसाला हात लावायचा आणि तो हात छातीशी न्यायचा, हे निवृत्तीला आईने चालायच्या आधी शिकवलं होतं. तो वाकला. मागचा त्याला अडखळला, मागच्याला त्याची बायको. नाच मोडला.

"नमस्कार करू नकोस!" मॅडम ओरडल्या.

"मी न्हाई करत मॅडम, हात करतोय."

कंपनीचा ड्रायव्हर शहाजी हे सगळं पिकअपच्या बॉनेटवर बसून बघत होता. परतताना तो म्हणाला, "म्हशीला गोचीड चावल्यावर म्हस अशीच पाय झाडती. पर म्हस नमस्कार करत न्हाई, म्हणून ती तुझ्यापरीस बरी नाचंल."

"दात काढू नगंस. उपाय सांग."

शहाजीने एका सिग्नलभर विचार केला. "आगाऊ करून टाक की. नाचाच्या आधी समद्यांस्नी एकदाच नमस्कार घाल. मग बिनघोर लाथा मार."

निवृत्तीला हे शास्त्राला धरून वाटलं. समारंभाच्या संध्याकाळी तो सातही जणांपुढे ओळीने वाकला. बुटांत काहीतरी चुकलंय असं समजून डॅनिश मंडळींनी नाड्या पुन्हा बांधल्या. मॅडसेनने तर बूटच बदलले. आजोबांसारखे लाकडी आणले होते, ते चढवले.

नाच सुरू झाला. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. निवृत्तीचा चेहरा सरपंचासारखा. तिसऱ्या फेरीत टेपरेकॉर्डरवर संगीत बदललं, गुडघे आपटले, आणि निवृत्तीने असा पाय झाडला की त्याचा सेफ्टी शू सरळ मॅडसेनच्या नडगीवर बसला. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

त्या क्षणी निवृत्तीला कळलं, की आगाऊ नमस्कार चालत नाहीत. हात निघालाच. तो वाकला, मॅडसेनच्या बुटाला शिवला, हात छातीशी नेला. डोळ्यांपुढे कॅम्पातली सहा जणांची खोली आली.

पण आजोबांनी मॅडसेनलाही काही शिकवलं होतं. नाचात समोरचा वाकला, की आपणही वाकायचं, मग पाय मोडला असला तरी. मॅडसेन ठणकती नडगी घेऊन कमरेत वाकला. बरोबर तालावर. ते बघून त्याच्या शेजारची जोडी वाकली, मग तिसरी, मग मॅडम. पुन्हा लाथ, पुन्हा सगळे वाकले. शेवटी शेवटी तर निवृत्तीचा पाय लागावा म्हणून लोक पाय पुढे करत होते. नाच वाकला, पण मोडला नाही. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत राहिले.

मॅडसेन लंगडत आला आणि त्याने कमरेची एक किल्ली सोडली.

"चार्ल्सटनमध्ये माफी नव्हती, तेवढाच माझा आक्षेप होता," तो म्हणाला. "आता आहे. आणि ही किल्ली मी तुला दिलेली नाही."

"न्हाईच दिली, साहेब. शुक्रन," निवृत्तीने अरबीत आभार मानले.

मुक्ताबाई आली. तिने फ्लॅट हिंडून पाहिला, बाथटबमध्ये गहू धुतले, आणि विचारलं, "आवं, एवढं मोठं घर तुमास्नी कशापायी दिलं?"

"नाचलो."

"कुणासंगं?"

"साहेबाच्या बायकूसंगं."

मुक्ताबाईने गहू उपसले. "गावात सांगू नगा," ती म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "मला दावा की कसं नाचला ते." स्वयंपाकघर अरुंद होतं, त्यामुळे दोघांचे पाय सारखे लागत होते आणि नमस्कारांना तोटा नव्हता.

पुढे यॅन्सनच्या जागी नवा इंजिनिअर नेमल्याची तार आली. त्याच दुपारी निवृत्तीने निवास विभागात अर्ज दिला:

'महोदय, नवीन इंजिनिअर साहेब विमानाने येत असल्याचे समजते. विमानाने प्रकृतीस अपाय होतो. तरी त्यांना डेन्मार्कहून दोह्यापर्यंत पायी येण्याची परवानगी देण्यात यावी, वाटेतील प्रत्येक देशात तेथील लोकनृत्य शिकण्यासाठी भरपगारी रजा मंजूर व्हावी, आणि ते पोहोचेपर्यंत सदर फ्लॅटमधील, कागदोपत्री अस्तित्वात नसलेल्या, कुटुंबास हलवण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.'